म्होरक्याच्या मृत्यूने काय संपते?

मे २०२१ मध्ये आफ्रिकेतील नायजेरिया देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, सांबिसा नावाच्या अरण्यात, शत्रूंनी चहूकडून वेढलेल्या एका माणसाने अंगावरील स्फोटके उडवून स्वतःचा अंत करून घेतला. त्याचे नाव अबू बकर शेकाऊ. ‘बोको हराम’ या नावाने जगभर कुप्रसिद्ध झालेल्या सशस्त्र संघटनेचा तो जवळजवळ बारा वर्षे म्होरक्या होता. या बारा वर्षांत नायजेरियाच्या सैन्याने त्याला मारल्याचे अनेकदा जाहीर केले होते आणि प्रत्येक वेळी काही दिवसांनी तो चित्रफितीत प्रकट होऊन त्या बातमीची टर उडवीत असे. त्यामुळे या वेळी प्रथम कोणाचाच विश्वास बसेना. पण ही बातमी सरकारकडून आली नव्हती. ती आली होती त्याच्याच एके काळच्या साथीदारांकडून, आणि त्याला कोंडीत पकडणारेही तेच होते.

हा माणसू कोण होता, त्याच्या हाती एवढे बळ कसे आले, आणि त्याच्या मरणाने काय संपले व काय उरले, याचा थोडा विचार आज आपण करणार आहोत. नायजेरिया आपल्यापासून फार दूर आहे. तथापि मी शाळेत शिकवते, आणि या संघटनेने आपला पहिला शत्रू म्हणून ज्याचे नाव घेतले ती शाळाच होती. म्हणून हा विषय मला दूरचा वाटत नाही.

प्रथम त्या भूमीची ओळख करून घेऊ. नायजेरिया १९६० मध्ये ब्रिटिशांच्या अमलातून मुक्त झाला. आज त्याची लोकसंख्या वीस कोटींहून अधिक आहे. ढोबळ मानाने उत्तरेकडे मुसलमानांची आणि दक्षिणेकडे ख्रिस्ती लोकांची वस्ती मोठी आहे. ईशान्येकडील बोर्नो राज्य चाडच्या सरोवराला लागून आहे आणि मैदुगुरी ही त्याची राजधानी. हा प्रदेश अडाणी होता अशी समजूत कोणी करून घेऊ नये. कानेम-बोर्नोच्या राजघराण्याने अकराव्या शतकात इस्लामचा स्वीकार केला होता आणि कुराणाच्या अध्ययनासाठी तेथील पाठशाळा शतकानुशतके प्रसिद्ध होत्या. मुले लहानपणीच घर सोडून दूरच्या गुरूकडे जात, पाठांतर करीत आणि दारोदार अन्न मागून पोट भरीत. आपल्याकडे माधुकरी मागून आणि वार लावून जेवणारे विद्यार्थी असत, तशीच काहीशी ही रीत. या मुलांना तेथे ‘अल्माजिरी’ म्हणतात.

ब्रिटिशांनी १९०३ च्या सुमारास उत्तर नायजेरिया जिंकला, तेव्हा तेथील अमीरांना गादीवर कायम ठेवून त्यांच्यामार्फत राज्य चालविण्याचे धोरण आखले. धर्मात ढवळाढवळ करणार नाही असे आश्वासन दिले आणि मिशनऱ्यांना उत्तरेत मोकळीक दिली नाही. याचा एक परिणाम असा झाला की, दक्षिणेत मिशनच्या शाळा गावोगाव निघाल्या आणि उत्तर मात्र नव्या विद्येत मागे पडली. जी थोडी सरकारी शाळा आली तिच्याकडे लोक संशयाने पाहत. या शाळेला हौसा भाषेत ‘बोको’ हा शब्द लागला. इंग्रजी ‘बुक’ शब्दावरून तो आला, असे पुष्कळ दिवस मानले जात होते. पण पॉल न्यूमन या हौसा भाषेच्या अभ्यासकाने २०१३ मध्ये दाखवून दिले की, हा मूळचा हौसा शब्द असून त्याचा अर्थ ‘खोटे, दिखाऊ, फसवे’ असा आहे. कुराणाची विद्या ती खरी आणि परक्या राज्यकर्त्याची विद्या ती खोटी, असा त्यामागचा भाव. मिशनच्या शाळेत घातलेले मूल बाटेल, ही भीती आपल्याकडेही एके काळी होतीच. तेव्हा या भावनेला केवळ हसून चालणार नाही. तिचा उपयोग पुढे कोणी कसा केला, हे पाहिले पाहिजे.

तो उपयोग करणाऱ्या पहिल्या माणसाचे नाव मोहम्मद युसूफ. १९७० मध्ये जन्मलेला हा तरुण धर्मोपदेशक वाणीचा गोड होता. २००२ च्या सुमारास त्याने मैदुगुरीत आपला स्वतंत्र पंथ उभा केला. त्याच्या अनुयायांनी घेतलेले अरबी नाव लांबलचक आहे. प्रेषिताच्या शिकवणुकीचा प्रसार आणि जिहाद यांना वाहून घेतलेली मंडळी, असा त्याचा अर्थ. लोकांनी मात्र त्यांना ‘बोको हराम’ म्हणजे ‘पाश्चात्त्य विद्या निषिद्ध’ असे सुटसुटीत नाव दिले आणि तेच रूढ झाले. पृथ्वी गोल आहे हे युसूफला मान्य नव्हते. समुद्राच्या पाण्याची वाफ होऊन पाऊस पडतो, हा आपण प्राथमिक शाळेत शिकवतो तो धडाही त्याला मान्य नव्हता. पाऊस ही ईश्वराची स्वतंत्र निर्मिती आहे, असे तो सांगे.

असल्या उपदेशामागे हजारो माणसे का गेली? याचे उत्तर धर्मग्रंथात सापडणार नाही, ते मैदुगुरीच्या रस्त्यावर सापडेल. देशात खनिज तेलाचा पैसा वाहत होता, पण तो उत्तरेच्या गरिबापर्यंत पोहोचत नव्हता. चाडच्या सरोवराचे पाणी १९६० नंतरच्या दशकांत फार आटले होते. शाळा शिकलेल्या तरुणाला नोकरी नव्हती, आणि शाळा शिकलेले अधिकारी लाच खाताना दिसत होते. ‘ही विद्याच माणसाला भ्रष्ट करते’ असे युसूफ सांगे, तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात आपला अनुभव दिसे. युसूफ आपल्या मंडळींना जेवण देई, आसरा देई, लग्ने लावून देई. जे काम सरकारने करावयाचे ते तो करीत होता.

मुसलमान विद्वानांनी त्याला विरोध केला नाही असे नाही. शेख जाफर महमूद आदम हे थोर उपदेशक एके काळी युसूफचे गुरू होते. त्यांनी त्याच्या मतांचे जाहीर खंडन केले. एप्रिल २००७ मध्ये कानो शहरातील मशिदीत पहाटेच्या नमाजाच्या वेळी बंदूकधाऱ्यांनी या शेखांचा खून केला. शहाण्या माणसाचा आवाज बंद झाला की काय होते, याचा अनुभव पुढे सर्वांनाच आला.

२००९ च्या जून महिन्यात मोटारसायकलस्वारांनी शिरस्त्राण घालावे, या नियमावरून युसूफच्या अनुयायांची पोलिसांशी चकमक झाली. ते एका अंत्ययात्रेला निघाले होते. गोळीबारात अनेक जण जखमी झाले. जुलैच्या अखेरीस चार राज्यांत उठाव झाला आणि सैन्याने तो कठोरपणे मोडून काढला. त्यात सुमारे आठशे माणसे मेली असे सांगतात. ३० जुलै रोजी सैनिकांनी युसूफला जिवंत पकडले. त्याच्या चौकशीची चित्रफीत आहे. तुझ्याजवळ संगणक कसा, असे विचारल्यावर, ते केवळ तंत्र आहे, पाश्चात्त्य विद्या ही निराळी गोष्ट, असे उत्तर त्याने दिले. त्यानंतर त्याला पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले, आणि काही तासांतच गोळ्यांनी चाळण झालेले त्याचे प्रेत लोकांनी पाहिले. पळून जाताना तो मारला गेला, असे पोलिसांनी सांगितले. हातांत बेड्या असलेला माणूस कसा पळाला, याचा उलगडा कधीच झाला नाही.

श्रोतेहो, या ठिकाणी क्षणभर थांबावयास हवे. युसूफवर खटला चालला असता, तर त्याचे गुन्हे न्यायासनासमोर उघडे पडले असते. त्याच्या अनुयायांनाही ते ऐकावे लागले असते. त्याला न्यायालयात न नेता मारल्यामुळे तो गुन्हेगार म्हणून न मरता हुतात्मा म्हणून मेला. सरकारला वाटले प्रकरण मिटले. वस्तुतः ते तेव्हाच सुरू झाले.

अबू बकर शेकाऊ हा युसूफचा उजवा हात. तो कानुरी जमातीचा. योबे राज्यातील शेकाऊ नावाच्या खेड्यावरून त्याचे नाव पडले. तरुणपणी तो धर्मशिक्षणासाठी मैदुगुरीस आला आणि युसूफच्या मंडळींत सामील झाला. २००९ च्या धुमश्चक्रीत तोही मेला असे पोलिसांनी जाहीर केले होते. पण जुलै २०१० मध्ये तो चित्रफितीत दिसला आणि आपण म्होरके झाल्याचे त्याने घोषित केले. युसूफ बोलून माणसे जोडी, शेकाऊ भीती घालून ती राखी. बंदूक खांद्याशी धरून, मोठ्याने हसत, हौसा, कानुरी आणि अरबी अशा भाषांत तो धमक्या देई. काहींना तो वेडा वाटे. पण सांबिसाच्या अरण्यात बसून एवढी वर्षे सैन्याला चकविणारा माणूस केवळ वेडा असू शकत नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये बाउचीचा तुरुंग फोडून सुमारे सातशे कैदी सोडविण्यात आले. ऑगस्ट २०११ मध्ये राजधानी अबूजा येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीवर स्फोटकांनी भरलेली मोटार आदळली. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, अबूजाजवळच्या मदाला गावी, संत तेरेसा यांच्या कॅथलिक देवळातून लोक मिस्सा आटोपून बाहेर पडत असताना स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. आम्हां ख्रिस्ती लोकांना ती बातमी फार लागली. नाताळची मिस्सा संपवून एकमेकांना शुभेच्छा देत देवळाच्या पायऱ्या उतरणारी माणसे कशी असतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

त्या दुःखात असे मनात येणे सोपे होते की, हा मुसलमानांनी ख्रिस्ती लोकांवर केलेला हल्ला आहे. पण पुढील महिन्यातच, जानेवारी २०१२ मध्ये, मुसलमानबहुल कानो शहरात एका दिवसात दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथीलच मोठ्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी स्फोट झाला, त्यात शंभरावर माणसे मेली. ज्या प्रदेशात ही संघटना वावरली तो बहुतांशी मुसलमानांचा, आणि तिच्या हातून मेलेल्यांत मुसलमानच फार. हे मी कोणाचे मन राखण्यासाठी सांगत नाही. हे सत्य आहे, आणि ते ठाऊक नसेल तर शेकाऊचा शेवट कसा झाला हेही कळणार नाही.

आता शाळांकडे वळू. फेब्रुवारी २०१४ मध्ये बुनी यादी येथील सरकारी विद्यालयाच्या वसतिगृहात रात्री शिरून चाळीसहून अधिक मुलगे ठार करण्यात आले. त्यानंतर दोन महिन्यांनी, १४ एप्रिल २०१४ च्या रात्री, चिबोक या बहुतांशी ख्रिस्ती वस्तीच्या गावातील मुलींच्या शाळेवर धाड पडली. मुली शालान्त परीक्षेसाठी वसतिगृहात आल्या होत्या. २७६ मुलींना पळवून नेण्यात आले. त्यांपैकी ५७ जणींनी वाटेत मालमोटारींतून उड्या टाकून किंवा अंधारात पळून आपली सुटका करून घेतली. बाकीच्यांना सांबिसात नेण्यात आले. या मुलींना आपण बाजारात विकू, असे शेकाऊने मे महिन्यात हसत हसत सांगितले, आणि ते हसणे साऱ्या जगाने पाहिले. ‘आमच्या मुली परत आणा’ ही हाक तेव्हाच देशोदेशी उठली.

चिबोकचे नाव जगाला ठाऊक झाले, परंतु ज्यांची नावे कधीच कोणाच्या कानांवर आली नाहीत अशा शिक्षकांची संख्या मोठी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालनिधीने २०१७ मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे, २००९ पासून ईशान्य नायजेरियात २,२९५ हून अधिक शिक्षक मारले गेले, १९,००० शिक्षकांना घरदार सोडावे लागले आणि सुमारे १,४०० शाळा उद्ध्वस्त झाल्या. शिवाय शंभराहून अधिक बालकांच्या अंगावर स्फोटके बांधून त्यांना बाजारांत आणि मशिदींत पाठविण्यात आले. त्यांत बहुसंख्य मुली होत्या.

ऑगस्ट २०१४ मध्ये ग्वोझा हे गाव जिंकून शेकाऊने तेथे आपली खिलाफत जाहीर केली. मार्च २०१५ मध्ये त्याने इराक-सीरियातील ‘इस्लामिक स्टेट’चा प्रमुख अबू बकर अल-बगदादी याच्याशी एकनिष्ठेची शपथ घेतली आणि संघटनेला त्या राज्याचा ‘पश्चिम आफ्रिका प्रांत’ असे नाव मिळाले. पण त्याच सुमारास नायजेरिया, चाड, नायजर आणि कॅमेरून या देशांच्या सैन्यांनी मिळून तिच्या ताब्यातील बहुतेक गावे परत घेतली. पराभवाच्या काळात आतली भांडणे बाहेर येतात, तसे येथेही झाले.

भांडणाचे मूळ एका प्रश्नात होते. मारावयाचे कोणाला? शेकाऊचे म्हणणे असे की, जो मुसलमान सरकारच्या अमलाखाली राहतो आणि आमच्याकडे येत नाही तो मुसलमानच नव्हे. त्याला मारण्यास हरकत नाही. विरोधकांना हे मान्य नव्हते. सैनिक, सरकारी नोकर आणि ख्रिस्ती लोक यांच्यावर शस्त्र चालवावे, पण सामान्य मुसलमान शेतकऱ्याकडून कर घेऊन त्याला राखावे, असे त्यांचे मत. ते काही दयाळू नव्हते. राज्य करावयाचे तर प्रजा जिवंत हवी, एवढा हिशेब त्यांना कळत होता. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने शेकाऊला दूर सारून अबू मुसाब अल-बर्नावी याला प्रांताचा प्रमुख नेमले. हा बर्नावी म्हणजे मोहम्मद युसूफचा मुलगा. शेकाऊने ही नेमणूक धुडकावली. संघटनेची दोन शकले झाली. बर्नावीची माणसे चाडच्या सरोवराकडे गेली, शेकाऊ सांबिसात राहिला.

या दुसऱ्या गटाला शाळेविषयी प्रेम होते असे समजू नये. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने दापची येथील शाळेतून ११० मुली पळविल्या. पाच मुली मरण पावल्या, बहुतेकींना महिनाभरात घरी आणून सोडले, पण एका ख्रिस्ती मुलीला मात्र ठेवून घेतले, कारण तिने धर्म बदलण्यास नकार दिला.

पुढे मे २०२१ मध्ये या गटाची माणसे सांबिसात शिरली. शेकाऊचे पहारेकरी हरले. तो काही दिवस झुडपांत लपत फिरला, शेवटी सापडला. शरण ये, आपली चूक कबूल कर, असे त्याला सांगण्यात आले. ज्यांचा धर्म आपण ठरवीत होतो त्यांनीच आपला धर्म ठरवावा, हे त्याला सोसले नाही, आणि त्याने स्फोटके उडविली. दुसऱ्यांच्या मुलींच्या अंगावर जी बांधली तीच शेवटी त्याच्या अंगावर होती. जूनमध्ये बर्नावीचे ध्वनिमुद्रण बाहेर आले आणि नंतर शेकाऊच्या गटानेही त्याचे मरण मान्य केले.

मग काय संपले? काही गोष्टी खरोखर संपल्या. शेकाऊची जरब गेली, तेव्हा त्याच्या छावण्यांतील हजारो माणसे बायकामुलांसह सरकारकडे येऊन शरण गेली. सुटलेल्यांत चिबोकच्या काही मुलीही होत्या. त्यापूर्वी २०१६ आणि २०१७ मध्ये वाटाघाटींनी शंभराहून अधिक जणी सुटल्या होत्या. आता आलेल्या मुली कडेवर आपली मुले घेऊन आल्या. पण २०२४ मध्ये त्या घटनेला दहा वर्षे झाली, तेव्हाही ऐंशीच्या वर मुलींचा पत्ता नव्हता.

आणि काय संपले नाही? दोन्ही गट संपले नाहीत. शेकाऊच्या गटाला दुसरा म्होरक्या मिळाला, आणि चाडच्या सरोवरातील बेटांवर हे दोन्ही गट एकमेकांशी लढत राहिले. मधल्या मधे मारला जातो तो कोळी आणि शेतकरी.

श्रोतेहो, दोन म्होरके दोन रीतींनी मेले. एकाला सरकारी पोलिसांनी कायदा बाजूला ठेवून मारले, दुसरा स्वतःच्याच घरातील वैराने मेला. पहिल्या मरणाने आग भडकली, दुसऱ्याने थोडी ओसरली; पण विझली कशानेच नाही. याचे कारण म्होरक्या हा विस्तवाची ठिणगी असतो, सरपण निराळे असते. भूक, अन्याय, लाचखोरी आणि परक्या विद्येविषयीचा जुना संशय हे ते सरपण. ते जोवर आवारात रचलेले आहे तोवर ठिणगीला तोटा नाही.

सरपण हलविण्याचे काम कोणी केले काय? केले आहे, आणि त्याच मैदुगुरी शहरात केले आहे. झन्ना मुस्तफा नावाच्या एका मुसलमान वकिलाने २००७ मध्ये तेथे ३६ अनाथ मुलांसाठी शाळा काढली. २००९ च्या धुमाळीतही ती चालू राहिली. त्या शाळेत कुराण शिकवितात, अरबी शिकवितात, आणि इंग्रजी व फ्रेंचही शिकवितात. खरी विद्या आणि खोटी विद्या असा भेद तेथे केला नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, बोको हरामशी लढताना मेलेल्या सैनिकांची मुले आणि बोको हराममध्ये राहून मेलेल्यांची मुले तेथे एका बाकावर बसतात. दहा वर्षांत ती ५४० मुलांची शाळा झाली. चिबोकच्या ८२ मुलींची मे २०१७ मध्ये सुटका झाली, तेव्हा मध्यस्थी करणाऱ्यांत हेच मुस्तफा होते. दोन्हीकडील लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक कचेरीने त्यांना नान्सेन पुरस्कार दिला.

बाप कोणत्या बाजूने मेला हे त्या शाळेत विचारले जात नसेल असे मला वाटते; हजेरीपटात त्यासाठी रकाना नसतो. म्होरक्याचे मरण ही एका दिवसाची बातमी असते. अशी शाळा मात्र रोज सकाळी उघडावी लागते, आणि ती उघडणारा माणूस रोज जिवंत राहावा लागतो. ईशान्य नायजेरियात २,२९५ हून अधिक शिक्षकांना ते साधले नाही. त्यांच्या जागी जे उभे राहिले त्यांचे स्मरण करून मी आपली रजा घेते.